संध्याकाळचं दिसेना

दिवस मावळला की शांतव्वांना उंबऱ्यापलीकडचं दिसेनासं व्हायचं. सोमशेखरनं आईला महिनाभर रोज गाजर आणि पपई खायला घातली. तरी फरक पडेना, तेव्हा तो तिला गडमुडशिंगीहून कोल्हापुरात मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन आला.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "डोळ्यांचा दोष नाही. यकृत खराब झालंय. अ जीवनसत्त्व साठवून डोळ्यांपर्यंत पोचवतं ते यकृतच. तेच थकलं, तर नुसत्या गाजरानं भागत नाही."

"आमच्या घरात दारूचा थेंब न्हाई, डॉक्टर," सोमशेखर म्हणाला.

"दारूमुळं नाही. काविळीचा जुना विषाणू आहे, रक्तातून येणारा. मावशी, तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं?"

"न्हाई की," शांतव्वा म्हणाल्या.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. सोमशेखर औषधं आणायला खाली गेला. त्याच्यामागं दार लागल्यावर शांतव्वा हळूच म्हणाल्या, "चढवलं हुतं. ह्यो जन्मताना आडवा आला हुता, तवा दोन बाटल्या. पर त्येच्यासमोर परत इचारू नगासा."