अळ्यांची तब्येत

मधमाश्या पाळणाऱ्या ढेबेकाकांनी मधपेट्या पोखरणाऱ्या मेणकिड्यांच्या अळ्या गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेला हौसेने दिल्या होत्या. तिथल्या संशोधक शलाकामॅडम त्या अळ्यांना यीस्ट नावाच्या बुरशीचा रोग टोचणार होत्या. आज काका खास मयत बघायला आले.

मॅडमनी बशी पुढे केली. तीसच्या तीस अळ्या गुबगुबीत, वळवळत होत्या.

“रोगावर आमचं नवं औषध, एक पेप्टाइड, टोचलं, काका. या सगळ्या वाचल्या. उद्या माणसंही वाचतील.” मॅडमचे डोळे भरून आले.

काकांचेही आले. याच किड्यांनी त्यांच्या अकरा पेट्या खाल्ल्या होत्या.

“आणि औषध न दिलेल्या?” त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

“त्या दोन दिवसांत काळ्या पडून मेल्या.”

काका एकदम ताठ बसले. “औषध राहू द्या, मॅडम. तो रोग तेवढा बांधून द्या.”