राईमागच्या घोड्या

पाहुणी यायच्या आत मरतुकड्या घोड्या निलगिरीच्या राईमागे हाकलून झाल्या होत्या. पुढच्या कुरणात शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या तुकतुकीत घोड्या चरत होत्या. दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे.

"बघा डॉक्टरीणबाई, नवरदेवाला बसायला द्याव्यात अशा आहेत," मुकादम विल्सन नळीने 'माते' हा कडू चहा ओढत म्हणाला. "आता तुम्ही जरा हसा. बारा वाजलेत तोंडावर."

"मागे करडी घोडी पडलीये. उठत नाही."

"पडू दे. उद्या खोड्यात घातली की बरोबर उठेल."

नेलिदाने राईकडे पाहिलं. उद्या करडीचा नंबर होता. मानेच्या शिरेत जाड सुई खुपसून तिचं रक्त काढायचं, पुन्हा एकदा. गाभण घोडीच्या रक्तातून औषध निघतं. ते टोचलं की डुकरिणी एकदमच माजावर येतात, एकदमच वितात, आणि कत्तलखान्याला ठरल्या दिवशी ठरल्या वजनाचा माल मिळतो. रक्तातलं ते द्रव्य आटलं की घोडीच्या पोटातलं शिंगरू हात घालून पाडायचं, म्हणजे तिला लगेच पुन्हा गाभण करता येतं. हे पाडायचं काम पशुवैद्याचं, म्हणजे नेलिदाचं. खांद्यापर्यंत साबण चोळूनही तो वास जात नसे. घास घेऊन हात तोंडाशी आला की तिला मळमळायचं. दुसऱ्याची किळस आली तर उठून जाता येतं, स्वतःच्या हाताला सोडून कुठे जाणार?

पाहुणी होती डॉक्टर ओफेलिया बेर्रूती. नदीपलीकडच्या संशोधन केंद्रात डुकरांच्या पैदाशीवर काम करणारी, केस पांढरे झालेली बाई. का येतेय ते तिने कळवलं नव्हतं, पण घोड्यांचं रक्त काढणाऱ्या या केंद्राचे मालक डोन एलादियो आठवडाभर धास्तावलेले होते. गेल्या वर्षी अशाच एका शिकल्यासवरल्या पाहुणीने जनावरांच्या हालांवर लिहिलं आणि दुसऱ्या जिल्ह्यातलं एक केंद्र बंद पडलं.

डॉक्टर गाडीतून उतरल्या त्या थेट कुरणात शिरल्या. एका घोडीच्या मानेवरून त्यांनी सावकाश हात फिरवला. विल्सन मांस भाजायचा विस्तव बघायला वळला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "सुईचा एक व्रण नाही. या तुमच्या नव्हेत. खऱ्या कुठे आहेत गं?"

नेलिदाने विल्सनच्या पाठीकडे पाहिलं. दाखवल्या तर नोकरी जाणार होती. नाही दाखवल्या तर करडी.

"चला," ती म्हणाली.

राई ओलांडायच्या आधीच वास आला. डॉक्टरांनी रुमाल नाकाला लावला. घोड्यांच्या बरगड्या दुरून मोजता येत होत्या. माना सुजलेल्या, व्रणांत पू, त्यावर माश्या. गवतात कालचं पाडलेलं शिंगरू पडलं होतं आणि दोन पक्षी त्याचे डोळे टोचत होते. पलीकडे करडी आडवी होती. नेलिदाला पाहून तिने फक्त कान हलवला.

"यांना खायला काय?"

"हेच गवत. वरचा दाणा बंद केलाय."

"आणि रक्त?"

"दर आठवड्याला. बादलीभर."

"तरी जगतात?" डॉक्टरांचा आवाज घोगरा झाला होता.

"मी चोरून मीठ-गुळाचं पाणी पाजते. सुई दर खेपेला दुसऱ्या बाजूला घालते, हळूहळू काढते. करडी सहाव्यांदा गाभण आहे, सहावं पोट हे." तिने करडीच्या मानेवरच्या माश्या हाकलल्या. "उद्या काढलं तर ती जाईल, डॉक्टर."

"तपासायला कुणी येतं?"

"राजधानीतून, मोंतेविदेओहून इथवर कोण येतंय?"

डॉक्टर करडीजवळ वाकल्या. तिच्या हिरड्या पाहिल्या, मानेचे व्रण चाचपले, फोटो काढले. मग त्यांनी नेलिदाचा हात दोन्ही हातांत घेतला. "मला दाखवलंस, बरं केलंस. हे सगळं तुझ्या हातांनी होतंय, हे कुणाला ठाऊकच नाही."

नेलिदाला रडू फुटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी तो हात किळस न करता धरला होता.

जेवणाला बसेपर्यंत, दोघींना राईतून परतताना पाहिलेल्या विल्सनने मालकाच्या कानात सांगून टाकलं होतं. निखाऱ्यांवर बरगड्या चुरचुरत होत्या. नेलिदाच्या ताटलीतला तुकडा तसाच थिजत होता. डोन एलादियोंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"डॉक्टर, या पोरीचं मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "ती राईमागची जनावरं आजारी आहेत. आणि हिला मी आजच घरी पाठवतोय."

नेलिदाने मान वर केली. जाऊ दे नोकरी. उद्या करडीच्या मानेत सुई जाणार नाही, एवढं पुष्कळ होतं.

डॉक्टर बेर्रूतींनी हाडाला चिकटलेलं मांस दातांनी ओढून काढलं, चवीने चावलं, बोटं पुसली. "त्या लठ्ठ घोड्या ज्याच्या त्याला परत करा, डोन एलादियो. त्यांना बघायला मी नदी ओलांडली नाही. मांसाची मागणी वाढतेय, औषध पुरत नाही, आणि आमच्याकडच्या घोड्या दाणा कमी केला की तिसऱ्या पोटाला मरतात. हिने उपाशी घोडी सहाव्यापर्यंत ओढलीय. हिला घरी कसली पाठवता, मला द्या." मग त्या मायेने नेलिदाकडे वळल्या. "उद्या करडीला खोड्यात घाल हं, पोरी. मला तुझे हात चालताना बघायचेत."