खानदानी प्लॅटफॉर्म

तुळशीच्या लग्नाआधी वेबसाइट सुरू झाली नाही, तर यंदाची सगळी लग्नं परस्पर मोबाइलवर जुळणार आणि आपलं वधू-वर सूचक मंडळ बंद पडणार, हे मालिनीबाई रणदिव्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून साइट कुठल्या प्लॅटफॉर्मवर बांधायची हे ठरवायला त्या कोरी वही घेऊन सुनेच्या लॅपटॉपसमोर बसल्या.

“आई, हा पहिला वापरायला सगळ्यात सोपा आहे.”

“वय काय? असतो कुठे?”

“असेल वीसेक वर्षांचा. कंपनी अमेरिकेत आहे.”

“म्हणजे अडीनडीला धावून येणार नाही. पुढचा सांग.”

“हा दिसायला देखणा आहे. शिवाय चौदा दिवस फुकट वापरून बघायचा, नाही पटला तर सोडून द्यायचा.”

मालिनीबाईंनी पेनाला टोपण लावलं. “केतकी, चौतीस वर्षं मंडळ चालवतेय. असलं स्थळ मी दारात उभं केलेलं नाही.”

तिसऱ्याची अट होती तीन वर्षांच्या कराराची, मध्येच सोडायची सोय नाही. “हे खानदानी!” म्हणत त्यांनी लगेच होकार कळवला.

तुळशीचं लग्न लागलं, तरी साइट उघडेना. मदतीच्या नंबरवर कुणी बोलेना.

“आई, आपण फसलो.”

“फसणं कसलं? तुझे सासरे लग्नानंतर सहा महिने माझ्याशी बोलले नव्हते,” स्थळांची जुनी वही पुढे ओढत मालिनीबाई म्हणाल्या. “मी कुठे प्लॅटफॉर्म बदलला?”