बुडवायची होडी

मोंजीने निळ्या रंगाचा शेवटचा हात मारला आणि ब्रश डब्यात टाकला, तेव्हा खमैसकाका खोक्यावरून उठले. आजवर ते असे मधेच कधी उठले नव्हते. पाच महिने रोज दुपारच्या नमाजानंतर यायचे, मासळीचं खोकं उपडं घालून होडीसमोर बसायचे आणि संध्याकाळची बांग झाली की एक अक्षर न बोलता निघून जायचे. होडी त्यांचीच होती. काकांचे गुडघे गेल्यापासून नऊ वर्षं वाळूत पडून होती. ते समुद्रापलीकडे स्फॅक्स शहराच्या इस्पितळात असताना मुलाने ती परस्पर मोंजीला विकून टाकली.

मोंजी गॅरेजवाला. तीस वर्षं शहरात मोटारी दुरुस्त करून बेटावर परतलेला. अख्खं केर्केना बेट त्याला 'पानेवाला' म्हणून हसायचं. उद्या शुक्रवारी होडी पाण्यात जाणार होती, ऑक्टोपस घातलेल्या कुसकुसचं जेवण ठरलं होतं, आणि हसणाऱ्या एकूण एकाला त्याने हौसेने बोलावलं होतं.

काठी टेकत काका आले. बोटाच्या पेराने फळीवर टकटक केलं.

"फटींत काय भरलंयस?"

काका बोलले याचाच मोंजीला आनंद. "लांबी. मोटारीच्या पत्र्याला पोचा आला की भरतात ना, तीच. दगडासारखी होते, काका. थेंब आत यायचा नाही."

"दगडच भरलायस. नऊ वर्षं सुकलेलं लाकूड हे, पाण्यात गेलं की फुगणार. फुगायला जागा कुठे ठेवलीस? एखाद-दुसऱ्या फेरीतच फळ्या एकमेकींना रेटून खिळ्यांतून निसटतील. सगळी खरवडून काढ. इंजिन उचल. दगड भर आणि उथळ पाण्यात बुडव. चार-पाच दिवसांत लाकूड भिजून फटी आपोआप मिटतात. उरतील त्यांत कापूस."

मोंजीचं डोकं सणकलं. "हे आज सांगताय? मी भरत होतो तेव्हा इथेच बसला होतात! सगळे म्हणायचे, खमैस गप्प आहे म्हणजे काम बरोबर चाललंय. मीही तेच धरून चाललो. पाच महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

"धरली होती."

"का?"

"माझी होडी मला न विचारता गेली. म्हटलं, फुटू दे या पानेवाल्याच्या हातून."

इतकं सरळ उत्तर मोंजीला अपेक्षित नव्हतं. हातातलं फडकं त्याने वाळूत फेकलं. "मग आजच का कंठ फुटला?"

काकांनी मान खाली घातली. "सकाळी तुझी लेक झोहरा आमंत्रण द्यायला आली होती. म्हणाली, पहिल्या फेरीत मीच पुढे बसणार. इतकी खूश होती पोर... मला होडी फुटायला हवी होती रे. होडीत माणसं बसतात, हे मी विसरलो होतो."

मोंजीला वाटलं, म्हाताऱ्याला बखोट धरून हाकलावं. मग वाटलं, हाही डावच असेल. आपल्याच हाताने आपली होडी बुडवायला लावायची आणि उद्या गावासमोर शोभा बघायची. त्याने फळीवर हात ठेवला. ओल्या रंगाखाली लांबी पक्की, थंडगार लागत होती. आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. इंजिनातला जो भाग तापून फुगतो, त्याला केसाएवढी का होईना जागा सोडावी लागते. तीस वर्षं तो हेच तर करत आला होता. लाकडाला तेवढी अक्कल का लावली नाही?

त्याने पेटीतून हातोड्या आणि दोन पटाश्या काढल्या. एक काकांसमोर धरली.

"बाहेरून तुम्ही. मी आतून."

हातोडीचे ठोके सुरू झाले. नव्या निळ्या रंगासकट लांबीचे तुकडे वाळूत पडत होते. आत गुडघ्यांवर बसून तो एकाच फटीवर घाव घालत होता. बाहेरून त्याच जागी काकांची पटाशी वाजत होती. एक मोठा ढलपा निघाला आणि करंगळीएवढ्या फटीतून उजेड आत आला. पलीकडे काकांचा डोळा दिसला, लाल झालेला.

मोंजीने पटाशी खाली ठेवली.

"मोंजी," पलीकडून काका म्हणाले, "उद्या पाणी काठावरून आत यायला लागलं की एकटा उभा राहू नकोस. बुडताना बघवत नाही. मी येतो."