डावखुऱ्या बाईची बंदूक

"बाई, तुम्ही डावखुऱ्या ना?" ऑर्विलने विचारलं.

ग्लेंडाने रायफल डाव्या खांद्याला लावली होती, आणि गोळी आत ढकलायचा दांडा पलीकडच्या बाजूला राहिला होता. तिने मान डोलावली. म्हाताऱ्या ऑर्विलने काउंटरमागून तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. चार महिने दर शनिवारी नेमबाजीच्या क्लबात हा गडी बायकोला नेम धरायला शिकवत होता, आणि बायको कुठल्या हाताची हे त्याला ठाऊक नसावं?

"होईल सवय," क्लिफ म्हणाला. "हरणाला याच्या तोडीची दुसरी नाही."

"मला कुठे हरणं मारायचीत?"

ती आली होती हलकी दुनळी घ्यायला. दर बुधवारी क्लबात बायका जमत आणि हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडत. गेल्या खेपेला उसन्या बंदुकीने तिने पंचविसातल्या एकोणीस फोडल्या होत्या, आणि तेव्हापासून बाईचे पाय जमिनीला लागत नव्हते. बावन्नाव्या वर्षी तिला एक गोष्ट अशी सापडली होती, जी करायला तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. क्लिफच म्हणाला होता, "पहिली ती छोटी बावीसची रायफल शिकण्यापुरती. दुसरी मात्र तुझ्या आवडीची घे."

आता त्याने रायफल तिच्या हातातून काढून घेतली, आपल्या खांद्याला लावली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. सोमवारी हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू होत होता. बंदूक परत खाली ठेवायला त्याला बराच वेळ लागला.

"हीच बांध," तो ऑर्विलला म्हणाला. "कागद तिच्या नावाने कर."

"तुझ्या नावाने का नको रे?" ग्लेंडाने सहज विचारलं.

"तुझीच आहे ना ती!"

ऑर्विलने फॉर्म पुढे सरकवला. सरकारी फॉर्म सगळ्या दुकानांत सारखाच, पण या दुकानात एक जास्तीची कटकट होती. इथे प्रश्न मोठ्याने वाचायचे आणि मगच खूण करायची. गिऱ्हाइकं वैतागायची, ऑर्विल बधायचा नाही. बावीसची घेतली त्या दुकानातल्या माणसाने नुसतं बोट ठेवलं होतं, इथे, इथे आणि इथे, आणि ग्लेंडाने खुणा केल्या होत्या.

तिने चष्मा लावला. "ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेत आहात का?" क्षणभर थांबून तिने 'हो'वर खूण केली.

"वाचत काय बसतेस?" क्लिफ म्हणाला. "पहिला हो, बाकी सगळे नाही. मी गाडी काढतो."

पण तो गेला नाही. तिथेच उभा किल्ल्या वाजवत राहिला.

ग्लेंडा वाचत गेली. गुन्हा, फरारी, नशा, वेड. नाही, नाही, नाही, नाही. तिला गंमत वाटायला लागली होती. "घरातल्या माणसाला मारहाण केल्याबद्दल कोर्टाने तुम्हाला कधी दोषी ठरवलं आहे का?" ती हसली. "अगं बाई! असली माणसंसुद्धा येतात का हो बंदूक मागायला?"

"ती येत नाहीत," ऑर्विल म्हणाला. "त्यांना कायद्याने बंदूक मिळत नाही. बायकोला आणतात."

किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

ग्लेंडाने मागे वळून पाहिलं. क्लिफ कॅलेंडरकडे बघत होता. पहिल्या बायकोबद्दल तो एवढंच सांगायचा, की कोर्टकचेऱ्या करून पोरं घेऊन गेली, कजाग होती. ग्लेंडाने सात वर्षं त्या न पाहिलेल्या बाईला नावं ठेवली होती. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून जेवताना मुद्दाम विषय काढून ठेवली होती.

आणि हौस? ती तरी कुणाची होती? क्लबात तो कधीच बंदुकीला हात लावत नसे. "मी आपला शिकवणारा," म्हणायचा. बावीसची मात्र घरामागच्या रानात तोच जास्त न्यायचा. कपाटाची किल्लीही त्याच्याच खिशात. तिच्या नावाची बंदूक, आणि एकोणीस तबकड्यांचा तिचा तोरा! तिला स्वतःचीच शरम वाटली, आणि त्याहून जास्त त्याचा राग आला.

"म्हाताऱ्याचं काय ऐकतेस?" क्लिफ हळू आवाजात म्हणाला. "वीस वर्षं झाली त्या गोष्टीला. एकदाच. तीही काही कमी नव्हती. कर सही."

तिने पेन उचललं. सहीच्या जागेशी न जाता ती पहिल्या प्रश्नावर परत गेली, 'हो'वर काट मारली आणि 'नाही'वर खूण केली. खूण स्पष्ट उमटली.

"आता मला ही विकता येणार नाही, बाई," ऑर्विल म्हणाला. त्याने रायफल उचलून मागच्या भिंतीवर अडकवली.

"मला कळतंय."

क्लिफने दार उघडलं. बाहेरची गार हवा आत आली. त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "चल गं. घरी गेल्यावर बोलू."

ग्लेंडा जागची हलली नाही.

"दुकान किती वाजता बंद करता तुम्ही?" तिने ऑर्विलला विचारलं.

"सहाला."

घड्याळात सव्वाचार झाले होते. तिने शेगडीजवळचं स्टूल ओढलं, पर्स मांडीवर घेतली आणि दाराकडे तोंड करून बसली.