अमेरिकेतलं सुतक

ग्लेनने पुन्हा विचारलं, की गावची काजूची बाग सध्या सांभाळतं कोण, आणि हर्षदचे कान टवकारले. मुलुंडच्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये हा उंच गोरा महिनाभर येत होता, बांगड्याचं तिखलं ओरपत होता आणि फिरून फिरून गाडी बागेवर आणत होता. सातबारा कुणाच्या नावावर? पाणी कुठून येतं? बाग विकायचा विचार आहे का? नातेवाईक शोधायला आलेल्या माणसाला पाण्याशी काय करायचंय?

त्याची कहाणी अशी. त्याचा पूर्वज सॅम्युएल, शेतकरी. घराणं मूळचं स्कॉटलंडचं, तिथून आयर्लंडला गेलं, तिथून अमेरिकेला. सॅम्युएलला दोन मुलगे. थोरला रॉबर्ट बापाच्या शेतावरच राहिला. ग्लेन त्याच्या वंशातला. धाकटा जेम्स मिशनऱ्यांबरोबर शेती शिकवायला कोकणात उतरला, तिथल्याच एका बाईशी संसार थाटला आणि परत गेलाच नाही. त्या जेम्सचा पणतू म्हणजे हर्षदचे वडील, धाकू.

धाकूंना तर आभाळ ठेंगणं झालं होतं. घाऱ्या डोळ्यांवरून लहानपणी गावाने त्यांना कमी चिडवलं नव्हतं. त्यांच्या बागेला लोक आजही साहेबाची बाग म्हणायचे. आता म्हातारपणी त्या चिडवण्याला आजा-पणजा मिळाला म्हटल्यावर ते ग्लेनला उराशी धरूनच बसले.

हर्षद पवईत विमा कंपनीत दावे तपासायचा. लबाडी हुंगायचाच त्याला पगार मिळत होता. बायकोला, अनुपमाला, तो रोज रात्री तेच ऐकवायचा, की सख्खे चुलतभाऊ बांधावरून कोर्टात जातात आणि हा समुद्र ओलांडून प्रेमाने आलाय होय? अनुपमा म्हणायची, माणूस चांगला आहे, जेवलेलं ताट स्वतः धुतो. हर्षद म्हणायचा, अशांचीच जास्त भीती. बाबा भोळे. एखाद्या दिवशी भरल्या डोळ्यांनी सही करतील आणि बाग हातची जाईल, की आपण बसा बोंबलत.

गणपती चार दिवसांवर आले आणि ग्लेन उतरलेल्या चेहऱ्याने दारात उभा राहिला. त्याची आजी गेली होती. बापाची आई, त्याच जुन्या शेतावर शेवटपर्यंत राहिलेली. तिनेच त्याला इकडे धाडलं होतं.

धाकू उठले, डोक्यावरून अंघोळ केली आणि ओल्या पंच्यानेच बाहेर आले.

“सुतक इला,” ते म्हणाले. “यंदा गणपती नाय.”

आता बोला! मूर्ती ठरलेली, पाट कारखान्यात दिलेला, सोसायटीभर आमंत्रणं गेलेली. मिलच्या संपात घरात चूल पेटायची मारामार होती, तेव्हाही हा गणपती चुकला नव्हता. अनुपमाच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती म्हणाली, कधी न पाहिलेल्या बाईचं सुतक आपण कशाला धरायचं? धाकू म्हणाले, भावकीत सुतक बघून धरत नाहीत. नातं मानलं तर सुतकही मानायचं.

हर्षदने हे वाक्य बरोबर उचललं. महिनाभर जिची वाट बघितली ती संधी आपल्या पायांनी चालत आली होती.

“मग नातं मानूच नका, बाबा,” तो म्हणाला. “पुरावा काय आहे? ग्लेनने आणलेला एक जुना फोटो आणि तुमचे घारे डोळे. तेवढ्यावर बाप्पाला दाराबाहेर ठेवणार?”

धाकू रात्रभर देवासमोर बसून राहिले. सकाळी त्यांनी हो म्हणून मान हलवली. त्यांना त्या होकाराची किती लाज वाटत होती, ते दिसत होतं.

पण हर्षद तोंडी गोष्टींवर भागवणारा नव्हता. त्याने स्टॅम्प पेपर आणला, मजकूर स्वतः लिहिला आणि सगळ्यांना नोटरीकडे नेलं. सॅम्युएलच्या घराण्याशी आमचा रक्ताचा संबंध नाही. एकमेकांच्या स्थावर-जंगम मालमत्तेवर आमचा आज हक्क नाही आणि पुढेही राहणार नाही. ग्लेनने कागद वाचला, परत वाचला आणि विचारलं, नक्की ना? हर्षद हसला. चोराला घाम फुटलाच, असं तो मनात म्हणाला. धाकूंनी सही केली आणि ते ग्लेनकडे न बघता रिक्षात जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

गणपती वाजतगाजत आले. ग्लेन निरोप घ्यायला आला, बाप्पासमोर हात जोडून उभा राहिला. बागेचं नावही त्याने काढलं नाही. हर्षदला इतकं हलकं वाटत होतं, की त्याने स्वतःच्या हाताने त्याला मोदकावर तूप वाढलं. मग चार शब्द बोलायचे म्हणून विचारलं, आजीच्या शेताचं आता काय होणार?

ग्लेनने मोदक खाली ठेवला.

“आजीच्या मृत्युपत्रात अर्धं शेत माझ्या नावावर होतं आणि अर्धं जेम्सच्या वंशाला,” तो म्हणाला. “तुम्ही नातं मानता का, जमीन जपता का, एवढंच बघून यायला तिने मला पाठवलं होतं. तुझा कागद मी वकिलाला पाठवला. तो म्हणाला, इतका पक्का कागद त्याने आजवर पाहिलेला नाही.”