स्मारकामागचं हसू

माळावरच्या उंच स्मारकस्तंभावर लढाईत गेलेल्या तरुणांची नावं कोरलेली होती. त्या अक्षरांत काळा रंग भरायचं काम रंगाऱ्याला मिळालं. मागच्या वर्षी पडल्यापासून शिडीवर त्याचे पाय लटपटायचे, म्हणून बायको सोबत आली. त्याचं लक्ष खाली जाऊ नये यासाठी ती शिडी धरून आपल्या मामांच्या फजितीचे किस्से सांगू लागली.

रंगारी खो खो हसला. पाठोपाठ स्तंभामागूनही कुणीतरी हसलं.

"अहो, कुणीतरी वाटसरू फुकटात ऐकतोय!" ती म्हणाली.

रंगारी खाली उतरला. त्या वाटसरूला पकडायला दोघं दोन बाजूंनी वळसा घालून गेले आणि एकमेकांवरच आदळले. चहूकडे नुसतं ऊन आणि गवत. दोघांना हसू आवरेना.

रंगारी झपझप शिडी चढला. पाय लटपटत नाहीत हे पाहून तोच चकित झाला.

"हं, सांग पुढचं."

"मग काय, मामा ऐटीत भाषणाला उठले, तर ओल्या रंगाची खुर्चीही चिकटून उठली! आणि तेवढ्यात..."

तिला जोराचा ठसका लागला. तोल सावरायला तिने स्तंभाच्या दगडावर हात टेकला.

तळहाताखालून, दगडातून, कितीतरी तरुण आवाज एकदम आले.

"वहिनी, मग पुढे काय झालं?"